डबी लावल्यानंतरची शांतता

गावाच्या टोकाला, सपाट रस्ता संपून डोंगराची चढण सुरू होते तिथे, पत्र्याचं एक गॅरेज आहे. वर जाणारी प्रत्येक गाडी त्या गॅरेजसमोर गिअर बदलते. तो आवाज ऐकत ऐकत एक माणूस तिथे म्हातारा झाला. लोक त्यांना कानमास्तर म्हणत, आणि तोंडावर नुसतं मास्तर. शाळेचं तोंड त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं आणि शिकवलं तर कुणालाच नव्हतं. पण इंजिनाबद्दल मास्तर एकदा बोलले की ते फळ्यावर लिहिल्यासारखं असे, कुणी पुसायला जात नसे.

हत्यारं त्यांच्याकडे पुष्कळ होती, पण खरं हत्यार एकच. हातभर लांबीची लोखंडी सळई. तिचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. मग गॅरेजात कुणी चकार शब्द काढायचा नाही. चहाचा घोटसुद्धा लोक आवाज न करता घेत. लांबून कुणीतरी हाक मारतंय आणि ती कुणाची हे ओळखायचंय, असा मास्तरांचा चेहरा त्या वेळी होई. मग डोळे उघडून ते म्हणत, "पंप रडतोय," किंवा "तिसऱ्या व्हॉल्व्हची फट वाढलीय," आणि इंजिन खोललं की नेमकं तेच निघे. वर्षानुवर्षं त्या सळईचं वरचं टोक हाडावर घासून गुळगुळीत झालं होतं, आणि मास्तरांच्या उजव्या कानामागे एक लहानसा घट्टा पडला होता. लग्नात त्यांच्या बायकोला मैत्रिणींनी चिडवलं होतं की तुझा नवरा तुझं ऐकणार नाही, गाडीचं ऐकेल. ती हसली होती. पुढे तिला कळलं की त्यात चेष्टा थोडीच होती.

आवाज एकदम गेले नाहीत. न सांगता उठून जाणाऱ्या पाहुण्यांसारखे एकेक करून गेले.

आधी पत्र्यावरच्या चिमण्या गेल्या. मास्तरांना वाटलं, धुराला कंटाळून दुसरीकडे गेल्या असतील. मग एक दिवस त्यांनी सहज वर पाहिलं. आडव्या लोखंडी पट्टीवर एक चिमणी बसली होती. तिचा गळा फुगत होता, चोच उघडत होती, मिटत होती. आवाज नव्हता. मास्तरांनी घाईने मान खाली घातली. बघू नये ते बघितल्यासारखं त्यांना झालं.

त्या दिवसापासून त्यांच्या मनात भीतीने घर केलं. ती त्यांनी कुणाला दाखवली नाही. गिऱ्हाईक बोलू लागलं की ते त्याच्या ओठांकडे बघत. बायको आतून काही म्हणाली की ते "ऐकलं" म्हणत. सांगितलेलं काम मात्र होत नसे, आणि ती येऊन मुकाट्याने ते काम स्वतः करून टाके. डॉक्टरकडे जावं असं कितीदा मनात आलं. पण कानात यंत्र घालून इंजिन ऐकणारा मेकॅनिक कुणी पाहिलाय? सुताराचा हात गेला तर सुतार राहतो कुठे? आणि मास्तरांना दुसरं काही येतच नव्हतं. येत होतं ते एवढंच, ऐकणं.

अशात ती डबी आली.

बाजारातल्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराने ती आणली. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, पारदर्शक कवचाची, आत लुकलुकणारे हिरवे निळे दिवे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, जिथे शोरूमवाले तपासणीचं मशीन जोडतात, त्या खाचेत ती खोचायची. मग म्हणे गाडीचा कॉम्प्युटर सुधारतो, ओढ वाढते, तेल कमी लागतं, इंजिन लोण्यासारखं चालतं. दुकानदार मास्तरांकडे नमुना घेऊन आला तेव्हा मास्तरांनी ती हातावर ठेवून वजन केलं आणि परत दिली.

"एवढी अक्कल एवढ्याशा डबीत मावत असती, तर गाडी बनवणाऱ्यांनी कारखान्यातच नसती का घातली?"

"मास्तर, तुम्ही एक शब्द बोललात तर माझा माल दोन दिवसांत उठेल."

"म्हणून तर बोलत नाही," मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले.

त्यांचा जावई टॅक्सी चालवायचा. खालच्या स्टँडवरून माणसं भरायची आणि डोंगरापलीकडच्या शहरात सोडायची, असा त्याचा रोजचा धंदा. माणूस सरळ, पण नव्या गोष्टीला भुलणारा. एक दिवस दुपारी तो गाडी घेऊन आला आणि उतरायच्या आधीच बोलू लागला.

"मामा, ओढ बघा काय आलीय! वरचं वळण आता तिसऱ्या गिअरवर घेते."

मास्तरांनी खाली वाकून पाहिलं. खाचेत डबी लुकलुकत होती.

"ओढ गाडीत आली का तुमच्या पायात आली, जावईबापू?"

"हसा. पण खरं सांगतो."

"डबीबरोबर अजून काय काय केलंत?"

"कागदावर लिहिलं होतं तेवढं. हवेचा फिल्टर नवा टाकला. टायरमधली हवा बघितली. बॅटरीची वायर काढून परत लावली. आणि सुरुवातीला गाडी हलक्या पायाने चालवायची, म्हणजे डबी शिकते."

"वा रे वा! फिल्टर नवा, हवा बरोबर, पाय हलका. एवढं केल्यावर गाढव पण पळेल. मग डबी कशाला?"

जावई ओशाळला. "बरं, ऐका तरी. तुमच्या सळईने ऐका."

मास्तरांनी सळई घेतली. या गाडीत काय ऐकायचं ते त्यांना पाठ होतं. मागच्या खेपेला त्यांना तिच्यात टायमिंग चेनची बारीक खळखळ लागली होती. इंजिनाच्या पोटात ही चेन व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांना एका तालात नाचवते. ती सैल पडली की झाकणाच्या आतल्या अंगावर आपटते, पैंजण दूर कुठेतरी वाजावं तशी. तेव्हाच त्यांनी जावयाला बजावलं होतं, हंगाम संपला की गाडी आणून लावा, चेन बदलू, टाळू नका. ती दात सोडून उडाली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या अंगावर जातात आणि इंजिनाचा चुरा होतो.

त्यांनी सळई चेनच्या झाकणावर टेकवली, हाडाला लावली, डोळे मिटले.

खळखळ नव्हती.

त्यांनी टोक सरकवलं. वर, खाली, कडेला. इंजिनाची खोल घुमघुम येत होती, भरून आलेल्या आभाळासारखी. पण पैंजण नव्हतं. जावयाला त्यांनी गाडी रेस करायला लावली. नव्हतं.

मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते, म्हणून त्या वेळी त्यांच्या मनात काय उठलं ते कुणाला दिसलं नाही. दोनच गोष्टी शक्य होत्या. डबीने चेनचा आवाज घालवला होता, किंवा त्यांच्या कानाने. मधे तिसरं काही नव्हतं. डबी खरी असेल तर आपला कान शाबूत आहे. डबी खोटी असेल तर...

त्यांनी डोळे उघडले.

"आवाज गेलाय," ते म्हणाले. त्यांचा स्वर कापरा झाला, आणि जावयाला वाटलं मामा भारावले. "डबीत दम आहे."

"चेनचं काय मग?"

"आवाजच नाही तर चेन कशाला बदलायची? चालू द्या."

फळ्यावर लिहिलं गेलं. संध्याकाळच्या आत बाजारभर झालं की कानमास्तरांनी डबी ऐकून पास केली. दुकानदाराचा माल खरंच उठला. टेम्पोवाल्यांनी घेतली, दूधवाल्याने घेतली, शाळेच्या गाडीवाल्याने घेतली. ज्याने त्याने फिल्टर बदलला, हवा भरली, पाय हलका ठेवला, आणि ज्याच्या त्याच्या गाडीला थोडी ओढ आली. मास्तरांकडे येऊन लोक गाडी ऐकवत. मास्तर सळई लावत आणि दरवेळी त्यांना तीच शांतता लागे. "छान. लोण्यासारखी," ते म्हणत. इतकी गोड शांतता त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. ती डबीची आहे असं ते स्वतःला सांगत, दिवसातून कितीदा तरी, जप केल्यासारखं.

फक्त मुलगी एकदा बोलली. ती माहेरी आली होती आणि जेवण झाल्यावर वडिलांच्या हातावर पाणी घालत होती.

"बाबा, सकाळी गाडी सुरू करतात ना, तेव्हा काहीतरी वाजतं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच उभी असते ती. थोडा वेळ वाजतं आणि थांबतं."

मास्तरांना तिचे शब्द ओठांवरून कळले. चेन सैल असली की थंड इंजिनात, तेल वर चढेपर्यंत, ती सगळ्यात मोठ्याने वाजते. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ते हसले.

"तुझंच एखादं भांडं वाजत असेल. गाडी मी ऐकलीय."

मुलीने पाण्याचा तांब्या उचलला. ज्या बापाला गावाने कान म्हणून मान दिला, त्याच्यापुढे आपल्या कानाची काय मजाल, असा विचार तिने केला असावा. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

गॅरेजला लागूनच एका वायरमनचं दुकान होतं. गाड्यांचे दिवे, हॉर्न, बॅटऱ्या हे त्याचं काम. तो मास्तरांचा जुना मित्र, तोंडाचा फाटका आणि मनाचा मऊ. त्याची स्वतःची एक खटारा व्हॅन होती. तिच्या इंजिनातले टॅपेट इतके ढिले झाले होते की ती उभी असली तरी टिकटिक टिकटिक करी, म्हणून सगळे तिला शिवणयंत्र म्हणत. दुरुस्त करायचं तो नाव घेत नसे. म्हणे, आवाज बंद झाला तर बायकोला कळणार नाही मी घरी आलो ते.

एक दिवस दुपारच्या जेवणाआधी वायरमन व्हॅन घेऊन आला आणि इंजिन चालू ठेवूनच मास्तरांशी बोलत उभा राहिला. मास्तर बॉनेटला टेकले होते. अचानक त्यांच्या लक्षात आलं की शिवणयंत्र चालू आहे आणि गप्प आहे.

त्यांना आनंदच झाला. "काय रे, तूही लावलीस वाटतं डबी?"

"कुठली डबी?"

"हिच्यात. टिकटिक बंद झालीय."

वायरमनने त्यांच्याकडे पाहिलं. हे मास्तरांचं एखादं खट्याळपण आहे असं त्याला वाटलं, आणि तो हसला. "मी डबी लावीन? ऐका की, कसं जोरात चाललंय. आज दोन झगे शिवून होतील!"

मास्तरही हसले. हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं. त्यांनी हात पाठीमागे नेऊन बॉनेटवर ठेवला. हाताला इंजिन लागत होतं. कानाला काही नव्हतं.

बुडणारा जसा काडीला धरतो तसं त्यांनी शेवटचं एक धरलं. गॅरेजात एका टेम्पोवाल्याची डबी पडली होती, दिवे लागत नाहीत म्हणून त्याने बदलायला ठेवलेली. ती त्यांनी वायरमनच्या हातात दिली.

"हे उघड."

"कशाला? तुम्हीच तर पास केलीत."

"उघड म्हणतो ना!"

मास्तर कधी ओरडत नसत. वायरमनने मुकाट्याने स्क्रूड्रायव्हर घातला. कवच दुभंगलं. आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर एक काळा ठिपका, चार दिवे आणि खाचेत शिरणाऱ्या धातूच्या काड्या. वायरमनने ती उन्हाला धरली, उलटी केली, मग हळूच शीळ घातली. ती मास्तरांना कळली नाही, फक्त त्याचे ओठ गोल झालेले दिसले.

तो बोटाने दाखवत गेला. "या दोन काड्या बॅटरीच्या. त्यांच्यातून दिव्यांना करंट जातो. आणि या बघा, ज्यांच्यातून गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणं होतं, त्या काड्या. यांच्या मागे काहीच जोडलेलं नाही. कोऱ्याच आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे फक्त दिवे लावण्यापुरती, मास्तर. बाकी काही नाही. दाराला लावायचं तोरण आहे हे."

"सगळ्या अशाच असतील?"

"त्याच खोक्यातल्या ना? मग दुसऱ्या काय सोन्याच्या असणार?"

मास्तर खाली बसले. स्टूल होतं, ते त्यांना दिसलं नाही. जळक्या तेलाने काळ्या झालेल्या जमिनीवर ते बसले. हिरवी पट्टी वायरमनच्या तळहातावर होती आणि तिच्यात काही नव्हतं. आयुष्यभर त्यांनी इंजिनाची पोटं उघडली, पण एवढं रिकामं पोट त्यांनी पाहिलं नव्हतं. ही कान गेल्याची बातमी होती, आणि ती दुसऱ्या कुणी नाही, या फुटक्या डबीने सांगितली.

मग त्यांना चेन आठवली.

डबी खोटी, तर चेनचा आवाज गेलेलाच नाही. ती पैंजणं तेव्हाही वाजत होती, त्यानंतर रोज वाजत होती, मुलीच्या खिडकीखाली वाजत होती. आणि आज जावई गाडी घेऊन चढावर गेला होता. मुलगी होती गाडीत, आणि तिची सासू. सासूचे डोळे दाखवायला ते पलीकडच्या शहरात निघाले होते. गॅरेजसमोरून जाताना मुलीने हात हलवला होता. मास्तरांनीही हलवला होता.

त्यांनी फोन काढला आणि जावयाचा नंबर लावला. कानाशी धरला. काही नाही. फोन समोर आणून पाहिला तर आकडे पळत होते, म्हणजे उचलला होता. पुन्हा कानाशी दाबला. आत लांबवर काहीतरी कुरकुरत होतं, भिंतीपलीकडे माणसं बोलावीत तसं.

"गाडी थांबवा!" मास्तर ओरडले. "बाजूला घ्या! इंजिन बंद करा, चेन जाईल! ऐकलंत का?"

कुरकुर चालूच राहिली. हो होतं की नाही होतं? जावई होता की मुलगी? ती रडत होती का? आयुष्यभर लोखंडाची कुजबूज ओळखणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीचा आवाज ओळखता येत नव्हता. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, मग हाडाला लावला, जिथे घट्टा होता तिथे. काही नाही.

तेवढ्यात त्यांची बायको दुपारचा डबा घेऊन दारात आली. मास्तर जमिनीवर, वायरमन थिजलेला, असं तिने पाहिलं.

मास्तरांनी फोन तिच्यापुढे धरला. गॅरेजात त्या वेळी दोन गिऱ्हाइकंही उभी होती. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "तू बोल."

त्यांना वाटलं होतं ती दचकेल. ती दचकली नाही. डबा खाली ठेवून तिने फोन घेतला, जसा ती रोज त्यांच्या हातचा टॉवेल घेई. तिला केव्हाच माहीत होतं. हे बघून मास्तरांच्या काळजात जे झालं ते डबी फुटली तेव्हाही झालं नव्हतं.

ती थोडं बोलली, बरंच ऐकलं. मग ती त्यांच्या समोर येऊन बसली, उजेडाकडे तोंड करून, आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"गाडी बंद पडलीय. वरच्या वळणावर. माणसं बरी आहेत. मागे सरकत होती, पोरीने उडी मारून चाकाला दगड लावला. आपला फोन गेला तेव्हा ती दगडाजवळच बसली होती."

शिवणयंत्रातून ते वर गेले. वायरमन चालवत होता. वाटेत तो एकदाही गंमत बोलला नाही.

वळणावर टॅक्सी तिरकी उभी होती, मागच्या चाकाखाली दगड. खाली दरी उन्हात चकाकत होती. सासूबाई कठड्याला टेकून बसल्या होत्या, हात जोडलेले. मुलीचा तळवा सोलून निघाला होता, तो तिने ओढणीत गुंडाळला होता. जावई मास्तरांना बघून धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती.

"मामा, एकदम खटकन झालं आणि गेली. तुम्ही बघा. मी चावी फिरवतो, तुम्ही ऐका."

"नको," मास्तर म्हणाले. पण तो गाडीत बसलाही होता. आणि सवयीने त्याने सीटमागून एक लांब पाना काढून मास्तरांच्या हातात दिला, सळई नाही तर हा चालेल म्हणून.

त्याने चावी फिरवली. मास्तर इंजिनाकडे बघत नव्हते, माणसांकडे बघत होते. वायरमनने डोळे घट्ट मिटले. मुलीने खांदे आखडले. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. सगळ्यांचे चेहरे एकाच क्षणी वाकडे झाले, लोखंड लोखंडाला खाताना होतात तसे. मास्तरांना तेवढ्यावरून कळलं. त्यांच्यापुरतं तिथे फक्त ऊन होतं आणि वारा.

"बंद करा," ते म्हणाले. "गेलं. सगळं आतून गेलं."

मुलगी जवळ आली. तिने आईसारखंच केलं, तोंड समोर आणलं. आईने फोनवर तिला सांगितलं होतं तर.

"ते भांडं नव्हतं, बाबा."

एवढंच. टोचून नाही, हळूच. मास्तरांना ते शब्द ऐकू आले नाहीत, दिसले. आणि बघितलेला शब्द ऐकलेल्यापेक्षा जास्त वेळ राहतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

जावई अजून गाडीतच बसला होता, दोन्ही हात चाकावर. त्याच्या गुडघ्याजवळ डबीचे दिवे लुकलुकत होते. हिरवा, निळा, हिरवा, निळा. इंजिन मेलं होतं, पण बॅटरीत जीव होता. मास्तरांनी वाकून ती उपसली.

"ही अजून शिकतीय," वायरमन पुटपुटला. कुणी हसलं नाही.

मग मास्तरांनी जावयाला सगळं सांगितलं, तिथेच, रस्त्यावर उभं राहून. चिमणीपासून सांगितलं. जावई ऐकत होता आणि मान हलवत होता. शेवटी तो इतकंच बोलला, "मग त्या दिवशी तरी सांगायचं ना, मामा." हेही मास्तरांना ओठांवरून समजलं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर डबीवाल्यांच्या दारोदार फिरले. काढून टाका म्हणाले, मी चुकलो, माझे कान गेलेत. टेम्पोवाल्याने काढली. दूधवाला म्हणाला, राहू द्या, दिवे बरे दिसतात. शाळेच्या गाडीवाल्याच्या इंजिनात काय वाजतंय ते मास्तरांना सांगता येईना, म्हणून त्याला त्यांनी शहरातल्या मशीनवाल्या गॅरेजकडे पाठवलं. तो गेला, आणि त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले. स्पेअरवाला दुकानदार रस्त्यात भेटला तर तोंड फिरवू लागला. गॅरेजसमोरून गाड्या गिअर बदलत वर जात राहिल्या. मास्तर दारात बसून ड्रायव्हरांचे खांदे बघत. खांदा हलला की समजायचं, बदलला गिअर.

जावयाचं इंजिन मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खोललं तेव्हा व्हॉल्व्ह वाकलेल्या काड्यांसारखे निघाले. चेन हातात घेतली तर ओल्या दोरीसारखी लोंबली. एकेक भाग त्यांनी धुतला, बोटांनी चाचपला, डोळ्यांशी आणून पाहिला. जे कान क्षणात सांगत त्याला बोटांना दिवसचे दिवस लागत होते, आणि तरी बोटं खात्रीने काही सांगत नव्हती. तोवर जावई दुसऱ्याच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून राबत होता. मुलगी रोज येई, बापाजवळ बसे, हत्यारं पुसून देई. बोलत कमी, पण बोलायची ते समोर येऊन.

इंजिन बसवून झालं त्या दिवशी जावई आला, वायरमन आला, बायको दारात उभी राहिली. जावयाने चावीला हात घातला आणि सवयीने सगळे गप्प झाले. सळई भिंतीला टेकून उभी होती. मास्तरांनी ती उचलली. गुळगुळीत टोकावर त्यांचा अंगठा क्षणभर फिरला. मग त्यांनी ती मुलीपुढे धरली.

"मला काय कळतं यातलं?" ती म्हणाली.

"चेन वाजत होती ते तुलाच कळलं होतं."

तिने सळई घेतली. बापाने तिच्या हाताला धरून टोक झाकणावर टेकवलं, दुसरं तिच्या कानामागे. तिने डोळे मिटले. गाडी सुरू झाली, हे मास्तरांना सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. त्यांनी तळवा इंजिनावर ठेवला. थरथर लागली. थरथर चांगल्या इंजिनाला असते, फुटक्या इंजिनालाही असते.

ते मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिच्या कपाळावर एक आठी उमटली, गेली, पुन्हा उमटली. तिने टोक जरा सरकवलं. वर, खाली, कडेला. लांबून कुणीतरी हाक मारतंय आणि ती कुणाची ते तिला ओळखता येत नाही, असा तिचा चेहरा झाला होता. जावई, वायरमन, बायको, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि ती डोळे उघडत नव्हती.